आइसलँडची सहल आणि आपल्या तळजाईचा दगड



गेल्या दोन-तीन वर्षांत पालकसभेनंतर मला एक नवीन प्रश्न ऐकू येतो. "मॅडम, तुम्ही भूगोल शिकवता ना, मग सांगा, मुलांना आइसलँडला नेण्यात अर्थ आहे का?" पूर्वी सिंगापूर, दुबई विचारायचे. आता टूर कंपन्यांच्या जाहिरातींत 'आइसलँड, लहान गट, सोबत जाणकार गाईड' असं सर्रास दिसतं आणि आमच्या बिबवेवाडीतलीही काही घरं तिकडे जाऊन आली आहेत. प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा माझं मत इथे सविस्तर लिहिते. मत थोडं आडवळणाने येईल, पण शिक्षकांना आणि पालकांना, दोघांनाही उपयोगी पडावं.

आधी ती सहल कशी असते ते बघू या. आइसलँड हे उत्तर अटलांटिक महासागरातलं बेट, क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, लोकसंख्या चार लाखांच्या आसपास. म्हणजे जागा महाराष्ट्राच्या एक तृतीयांश आणि माणसं पुण्याच्या एखाद्या कोपऱ्याएवढी. बेटाभोवती सुमारे १३२० किलोमीटरचा एक गोल रस्ता आहे. लहान गटाची सहल म्हणजे पंधरा-सोळा माणसांची छोटी गाडी, गाडी चालवणारा माणूस बहुतेक वेळा गाईडही असतो, आणि हे सगळे त्या रस्त्याने थांबत थांबत आठ-दहा दिवसांत फिरतात. थिंगवेलिरला जमिनीला पडलेल्या भेगांमधून चालायचं. तिथे उत्तर अमेरिकेची आणि युरेशियाची भूपट्टं एकमेकांपासून वर्षाला साधारण दोन सेंटीमीटरने दूर सरकत आहेत. मग स्ट्रोक्कुर नावाचा उष्ण पाण्याचा फवारा, जो दर पाच-दहा मिनिटांनी पंधरा-वीस मीटर उंच उडतो. त्याच्या शेजारच्या जुन्या फवाऱ्याचं नाव गेसिर. त्या नावावरूनच इंग्रजीत असल्या फवाऱ्यांना गीझर म्हणू लागले आणि तोच शब्द फिरत फिरत आपल्या न्हाणीघरात येऊन बसला. वर्गात हे सांगून बघा, मुलं घरी जाऊन गीझरकडे वेगळ्या नजरेने बघतात.

पुढे दक्षिणेला रेनिसफ्याराचा काळ्या वाळूचा किनारा. त्याच्या कडेला दगडाचे षटकोनी खांब एकाला एक चिकटून उभे आहेत, जणू कुणी रचून ठेवलेत. हा किनारा फार धोक्याचा आहे. अचानक मोठी लाट आत येते आणि माणसं ओढून नेते, तिथे पर्यटकांचे जीव गेलेले आहेत. म्हणून गाईड उतरल्याबरोबर सांगतो की समुद्राकडे पाठ करायची नाही. सोळा डोकी त्याला एका नजरेत मोजता येतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

तर पालकहो, पैसे असतील तर जरूर जा. पण दोन गोष्टी आधी बघा. आकाशातले ते हिरवे प्रकाशझोत बघायची मुलांची हौस असेल तर मे महिन्याच्या सुट्टीत जाऊ नका. तेव्हा तिथे रात्री नीट अंधारच पडत नाही. ते सप्टेंबर ते मार्चच्या काळात दिसतात, म्हणजे दिवाळीची सुट्टी बरी, तेही आकाश निरभ्र असलं तर. दुसरं, कंपनीला हॉटेलचे तारे विचारण्याआधी गटात माणसं किती आणि एकेका जागी वेळ किती, हे विचारा. 'लहान गट' लिहून चाळीस माणसांची बस आली तर निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो.

आता माझं मत. त्या सहलीत जे मोलाचं आहे त्यातल्या दोन गोष्टी आइसलँडच्या मालकीच्या नाहीत. एक, मोजकी माणसं आणि सोबत दगड वाचता येणारा कुणीतरी. दोन, तो दगडच. हा दगड आपल्या पायाखाली आहे. ज्या गोष्टीसाठी काही घरं लाखांनी रुपये मोजतात, ती आपल्या प्रत्येक मुलाला बिबवेवाडीतून अर्ध्या तासाच्या अंतरावर, जवळजवळ फुकट देता येईल. आपण देत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं.

दगडाचंच आधी बोलू. सहावीच्या भूगोलात आपण खडकांचे प्रकार शिकवतो: अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित. बेसाल्ट हा अग्निजन्य खडक, दख्खनचं पठार त्याचं, हे वाक्य मुलं पाठ करतात आणि एका गुणाला लिहितात. नववीत ज्वालामुखी येतो. चित्रात नेहमी एक शंकूच्या आकाराचा डोंगर, वर धूर. मग एखादा हुशार मुलगा विचारतोच, "मॅडम, दख्खन ज्वालामुखीने झालं ना, मग आपला ज्वालामुखीचा डोंगर कुठाय? सिंहगड का?" सिंहगड नव्हे. आपल्याकडे तसा शंकू नव्हताच. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हारस वर येऊन पसरत गेला, याला भेगी उद्रेक म्हणतात. आणि हे समजावून द्यायला आइसलँडसारखी दुसरी जागा नाही. १७८३ साली तिथे लाकी इथे सुमारे सत्तावीस किलोमीटर लांबीची भेग फुटली आणि आठ महिने लाव्हारस वाहत होता. त्यातून निघालेल्या विषारी वायूंनी गवत नासलं, गुरं मेली, दुष्काळ पडला आणि त्या बेटावरची निदान एक पंचमांश माणसं दगावली. अगदी अलीकडे, १८ डिसेंबर २०२३ च्या रात्री, ग्रिंदाविक गावाजवळ सुमारे चार किलोमीटरची भेग उघडली. गाव महिनाभर आधीच रिकामं केलेलं होतं. त्या रात्रीचे व्हिडिओ सहज मिळतात. पाच मिनिटं वर्गात दाखवा आणि म्हणा, मुलांनो, बिबवेवाडीची जमीन अशी तयार झाली. फक्त आकार कितीतरी पटींनी मोठा.

मोठा म्हणजे किती? दख्खनचा बेसाल्ट आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. म्हणजे अख्ख्या आइसलँडच्या पाचपट. सह्याद्रीच्या बाजूला त्याची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. काळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच सुमारास डायनासोर संपले. मेक्सिकोजवळ पडलेल्या अशनीने ते संपले की आपल्या लाव्हारसाचाही त्यात हात होता, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. आइसलँडचा सगळ्यांत जुना खडक दीड-पावणेदोन कोटी वर्षांचा. दगडांच्या हिशेबात ते बेट आपलं नातवंड शोभेल.

इंग्रजीत आपल्या या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. मुलं ट्रॅप म्हणजे सापळा समजतात. तो शब्द स्वीडिश भाषेतून आला आहे आणि त्याचा अर्थ पायऱ्या. लाव्हारस एकदम नाही आला. एक थर आला, निवला, मग कधी लगेच तर कधी कित्येक वर्षांनी दुसरा आला, अशी भाकऱ्यांची चवड रचली गेली. कडा झिजल्या आणि डोंगरांना पायऱ्या पडल्या. पर्वतीच्या पायऱ्या चढून वर उभं राहा आणि पश्चिमेकडे, दक्षिणेकडे बघा. डोंगरांचे माथे सपाट आणि अंगावर आडव्या रेघा. एकदा ती नजर आली की मुंबईला जाताना घाटात मुलं मोबाईल खाली ठेवून खिडकीतून थर मोजतात. घाटात डोंगर कापलेल्या ठिकाणी काळ्या थरांमध्ये मधूनच विटकरी लाल पट्टा दिसतो. तो म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या काळात तयार झालेली माती, वरच्या थराने बऱ्याचदा भाजून निघालेली. म्हणजे तिथे काही काळ शांतता होती. मला स्वतःला हा लाल पट्टा त्या सगळ्या काळ्या दगडापेक्षा जास्त बोलका वाटतो.

आता तळजाईला चला. बिबवेवाडीतून पद्मावतीवरून सहज जाता येतं, सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी असते, एकटं वाटत नाही. काय बघायचं? टेकडीवर जिथे चर खणलाय किंवा वाट कापलीय तिथे मुलांना उकिडवं बसवा. दगड कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटताना दिसेल, आत घट्ट काळा गोळा आणि बाहेर पिवळट भुसभुशीत साल. आपण ज्याला मुरूम म्हणतो तो असा तयार होतो. मुलांना वाटतं मुरूम ट्रकमध्ये तयार होतो. मग असे दगड शोधा ज्यांना बारीक बारीक भोकं आहेत. तापलेल्या लाव्हारसातला वायू बुडबुडे होऊन वर येत होता, तेवढ्यात लाव्हा थिजला आणि बुडबुडे आत अडकले. सोड्याची बाटली उघडल्यावर जे होतं तेच. काही भोकं पांढऱ्या चकचकीत खड्यांनी भरलेली सापडतात. नंतरच्या काळात गरम पाणी खडकातून झिरपलं आणि त्याने झिओलाइट गटातली खनिजं त्या पोकळ्यांत आणून बसवली. हे खडे शोधायला टेकडीही लागत नाही, बांधकामाच्या जागेवरच्या खडीच्या ढिगात मिळतात (वॉचमनला विचारून, बाहेरच्या बाहेर). आणि हे आवर्जून सांगा की आपल्या वाघोलीच्या खाणीत कॅव्हन्साइट नावाचं गडद निळं खनिज मिळतं आणि त्याचे नमुने जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेले आहेत. वाघोली म्हटलं की मुलांना फक्त ट्रॅफिक आठवतो.

रेनिसफ्याराचे खांब आठवतात ना? लाव्हारस सावकाश निवताना आकसतो आणि त्याला तडे जातात, वाळलेल्या तळ्याच्या चिखलाला जातात तसेच, फक्त हे खोलवर जातात. आपल्याकडे अंधेरीची गिल्बर्ट हिल हेच आहे, सुमारे साठ मीटर उंच, आता चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेली. पन्हाळ्याकडे बांदिवड्यालाही असे खांब आहेत. आइसलँडच्या राजधानीत लोकांनी एक मोठं चर्च बांधलं आणि त्याचा दर्शनी भाग या खांबांसारखा केला, तोही काँक्रीटमध्ये. आपल्या जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर याच्या अगदी उलट. आठव्या शतकातल्या कारागिरांनी तो कातळ वरून खाली आणि आत कोरत नेला, देऊळ बाहेर काढलं आणि ते अपुरंच राहिलं. मुलांना तिथे नेऊन 'इथे कुठला दगड बाहेरून आणून बसवलाय ते शोधा' असं सांगावं. दहा मिनिटं शोधतात बिचारी.

आणि पाणी! आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर कुणाला नवीन नाही. एका सोसायटीच्या बोअरला पाणी आणि भिंतीपलीकडच्या सोसायटीची बोअर कोरडी, याचं उत्तर पुस्तकात 'बेसाल्ट' या एका शब्दात दडलेलं आहे. घट्ट बेसाल्ट पाणी साठवत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, तड्यांत आणि दोन थरांच्या सांध्यात. टेकडीवर पडलेला पाऊस याच वाटांनी खाली मुरतो. टेकडीचा उतार काँक्रीटने झाकला की काय होईल, हे मुलांनी ती वाट डोळ्यांनी बघितल्यावर वेगळं शिकवावं लागत नाही. आज दहा वर्षांची असलेली ही मुलं उद्या या शहरात घरं घेणार, टेकड्यांबद्दलच्या बातम्या वाचणार, मतं देणार. त्यांना टेकडी म्हणजे रिकामी जागा वाटली तर कठीण आहे.

मग आपण काय करतो? वर्षातून एक सहल. दोन बसेस, शंभर मुलं, सहा-सात शिक्षक, परवानगीचे कागद, सकाळी पोहे, वॉटर पार्क किंवा एखादा किल्ला, आणि दिवसभर "ओळ मोडू नका". हे काही शिक्षकांच्या आळसाने होत नाही, तुम्ही-आम्ही सगळे त्या दिवशी संध्याकाळी घसा बसवूनच घरी येतो. पण खरं सांगा, वाऱ्यावर उभं राहून शंभर मुलांना दगडातलं भोक कसं दाखवणार? पहिल्या दहांना दिसतं, उरलेल्यांना पहिल्या दहांच्या पाठी दिसतात. मजा म्हणून ती सहल असू द्या, मुलांना मजाही हवी. तिला शैक्षणिक सहल म्हणू नये एवढंच माझं म्हणणं आहे.

रेनिसफ्याराच्या गाईडला सोळा डोकी मोजता येतात, म्हणून तो सोळाच नेतो. आपण बारा न्यावीत. बारा मुलं एका दगडाभोवती कोंडाळं करून बसू शकतात, प्रत्येकाच्या हातात तो दगड जाऊ शकतो आणि मागे राहणारं एखादं मूलही प्रश्न विचारतं, कारण मागे अशी जागाच नसते. अठ्ठेचाळीसचा वर्ग असेल तर चार गट, चार शनिवार, सकाळी साडेसहा ते नऊ. एक शिक्षक, एक जाणकार, एक पालक. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरमुक्त दिवस सांगितलेच आहेत. त्यांतला थोडा वेळ यासाठी मागायला मुख्याध्यापकांकडे जाता येतं, कागदावर आधार आहे.

"जाणकार कुठून आणायचा?" हा प्रश्न प्रत्येक शिक्षक विचारतो. पुण्यात विद्यापीठात आणि फर्ग्युसन महाविद्यालयात भूशास्त्राचे विभाग आहेत. तिथले पदव्युत्तर विद्यार्थी, निवृत्त प्राध्यापक विचारलं तर येतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्य कार्यालयही पुण्यातच आहे. पण माझा खरा भर वेगळ्या जाणकारावर आहे. आमच्या शाळेत अप्परच्या वस्तीतली मुलं येतात. त्यांच्यातल्या काहींच्या घरी पिढ्यानपिढ्या दगडाचं काम, पाटा-वरवंटा, जाती, जोत्याचे घडीव दगड. एकदा टेकडीवर अशाच एका मुलाने दोन दगड उचलून एकमेकांवर वाजवले आणि म्हणाला, "मॅडम, हा बद्द वाजतो, आत फुटलेला असंल. आजोबा असला घेत न्हाईत." सगळा गट गप्प होऊन त्याच्याकडे बघायला लागला. वर्गात तो बहुधा खाली मान घालूनच बसतो. त्याचे आजोबा पुढच्या शनिवारी आले, दगडाची नस कशी ओळखायची, छिन्नी कुठल्या अंगाने धरायची हे दाखवलं. आम्ही त्यांना मानधन दिलं, आणि ते द्यायलाच हवं. प्राध्यापकांना नारळ-शाल आणि आजोबांना नुसतं चहापाणी असं करू नका.

हे मी मुद्दाम लिहिते, कारण आइसलँडची गोष्ट वर्गात येते तेव्हा तिच्यासोबत आणखीही काही येतं. सुट्टीनंतर एक मूल बर्फाळ तळ्याचे फोटो दाखवतं आणि शेजारी बसलेलं मूल सुट्टीत मार्केटयार्डात वडिलांना मदत करत होतं. फोटो बघू नका असं मी म्हणणार नाही, उलट वर्गात लावाच. फक्त त्या मुलाला सांगा, तुझ्या फोटोतला काळा दगड आणि आपल्या तळजाईचा दगड यांत सारखं काय ते आपण सगळे मिळून शोधू. फोटोतले खांब, भोकं, थर. मग तो फोटो सगळ्या वर्गाचा होतो, आणि दगड वाजवून बघणाऱ्या मुलाकडेही त्यात सांगण्यासारखं काही असतं. जाणाऱ्या पालकांना एक विनंती, मुलांना तिथून दगड किंवा वाळू उचलून आणू देऊ नका. फोटो काढताना शेजारी पेन किंवा नाणं ठेवायला सांगा, म्हणजे आकार कळतो.

"पण मॅडम, टेकडीवर पडलं-झडलं तर?" रास्त शंका आहे. ज्या शिक्षकांनी ती विचारली त्यांना मी म्हटलं, बारा मुलांवर तीन मोठी माणसं, मळलेली वाट, उजेडात जाऊन उजेडात परत. शंभर मुलांच्या वॉटर पार्कपेक्षा मला हे जास्त सुरक्षित वाटतं. मात्र कुकडी नदीवरचे निघोजचे रांजणखळगे लहान मुलांच्या यादीतून काढा. नदीतल्या दगडगोट्यांनी गरगर फिरून कातळात केलेले ते खोल रांजण बघण्यासारखे आहेत यात वाद नाही, पण काठ गुळगुळीत आणि पाणी खोल. ते घरच्या माणसांनी हात धरून दाखवावेत.

सुरू करणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. पावसाळ्यात नको, शेवाळ्यावरून पाय घसरतो आणि गवताने खडक झाकलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. हातोडी नेऊ नका, टेकडी फोडायची नाही, सुटा पडलेला दगड पुरतो आणि तोही बघून झाल्यावर जागेवर ठेवायचा. दोन भिंगं, एक पाण्याची बाटली दगड ओला करून बघायला (ओला केला की खडे उठून दिसतात), प्रत्येकाकडे कोरी वही. छापील प्रश्नपत्रिका देऊ नका, नाहीतर मुलं दगड सोडून रिकाम्या जागा भरत बसतात. आणि गट पाडताना मैत्रिणी-मैत्रिणी, मित्र-मित्र एकत्र ठेवू नका, हजेरीपटावरचा प्रत्येक चौथा क्रमांक घ्या, म्हणजे अठ्ठेचाळीसांचे बरोबर चार गट होतात.